दाताळं कुणीकडं?

तुला चष्मा लावूनच पाठवली. भावकी बघत राहिली, तरी लावूनच पाठवली.

दगडूनं सरणापाशी माझा दंड धरला. "आण्णा, चष्मा काढ तिचा. काच जळत नाय. लोकं काय म्हणतील?"

मी म्हणालो, "नाय जळंना. तिला लांबचं दिसत नाय. वाटंत पायऱ्या लागल्या म्हंजी?"

सख्खा चुलतभाऊ असून त्याला वाटलं, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकंही तिच्याबरोबर गेलं. वाटू दे. त्यानं पुन्हा हात पुढं केला तेव्हा मी तो झटकला. मयतीत भांडलेला माणूस म्हणून गावात आता माझं नाव झालंय. तुला ते आवडलं नसतं. तू माझी बाजू घेतली असतीस आणि घरी आल्यावर मलाच झोडपलं असतंस.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तर राखेत तुझ्या फ्रेमची तार सापडली. काळी, वाकडी. काचांचं काय झालं देव जाणे. अस्थींबरोबर नदीत सोड म्हणाले. मी खिशात घातली. दगडूनं पाहिलं, पण या खेपेला हात पुढं केला नाही.

माणसं भेटायला येतात आणि म्हणतात, सवाष्ण गेली, मळवट भरून गेली, नशीब काढलं बाईनं. मी तोंडावर सांगतो, चहा घ्या आणि निघा. नशीब म्हणे. नवऱ्याच्या आधी मरण्यात कसलं आलंय नशीब? आपला पोरगा राजू तेराव्यापर्यंत राहिला आणि मग चाकणला कंपनीत गेला. जाताना म्हणाला, "आण्णा, आमच्याकडं चला." मी नाही गेलो. घरात आपलं भांडण अर्धं पडलंय, ते सोडून कुठं जाऊ? तू उठून गेलीस. भांडण इथंच टाकून गेलीस. असं करतं का कुणी?

तर ते पुरं करतो. तू मधे बोलू शकत नाहीस, हे माझ्या फायद्याचं आहे असं समजू नकोस.

मी चौथी शिकलेला. राजुरीत आमच्या आळीत त्या वेळी तेवढंही कुणी नव्हतं. कुणाचं पत्र येवो, तलाठ्याचा कागद येवो, लग्नाची पत्रिका येवो, "आण्णा, वाच की जरा." ओट्यावर बसून मी वाचायचो, चारजण मान डोलवायचे. माझी सगळी ऐट तेवढ्यावर. तुला एक अक्षर येत नव्हतं आणि ते मला कधी खुपलं नव्हतं. पुखराजशेठच्या दुकानात खुपलं.

जुन्नरच्या बाजारातलं ते चष्म्याचं दुकान. पुखराजशेठचा आजा मारवाडातून आलेला, पण शेठचं मराठी तुझ्या-माझ्याहून चोख. पुढं काचेच्या कपाटात फ्रेमा, मागं पडदा, पडद्याआड एक खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा फळा. बाहेर बाकड्यावर आठ-दहा माणसं बसलेली. पडदा नावाला. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

नव्वदच्या पुढची सालं. पेपरातली अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागली म्हणून मी आधी माझा नंबर काढायला गेलो. माझ्या पुढं एक आजी होती. शेठनं तिला विचारलं, "वाचता येतं का?" ती म्हणाली, "नाय बाबा." मग शेठनं फळा उलटा केला. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती, नुसती तीन दातांची खूण. कुठं दात उजवीकडं, कुठं डावीकडं, वर, खाली. वरच्या ओळीत मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. "दात कुणीकडं, ते बोटानं दाखवा, आजी."

आजी बोटं नाचवायला लागली. बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "अंगठेबहाद्दरांचा फळा बघा." बाकडं हसलं. मीही हसलो. ते हसू मी घरी घेऊन आलो, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझे डोळे तेव्हाच बारीक व्हायला लागले होते. बांधावरून कोण येतंय ते ओळखायला तू कपाळावर हात धरायचीस. बायका म्हणायच्या, आण्णाची बायको शिष्ट झाली, समोरून गेलं तरी ओळख देत नाय. एक दिवस तू म्हणालीस, "मलाबी न्या त्या शेठकडं."

मी नेलं. पण आधी आठ दिवस तुझी तयारी करून घेतली. माझा चष्मा आणायला गेलो तेव्हा फळा नीट पाठ करून आलो होतो. कांद्याची पात कापत तू समोर बसायचीस आणि मी एकेक ओळ तुझ्याकडून म्हणून घ्यायचो. सगळ्यात खालची लांब होती. ट, ग, प, न, ल, र, म. तू ती ओवीसारखी म्हणायला लागलीस.

मधेच थांबून तू विचारलंस, "अवो, पन मला ते दिसाय पायजे ना?"

"दिसू दे नायतर नको दिसू दे. शेठनं फळ्यावर काडी लावली की म्हणायचं. नापास व्हायचं नाय."

डोळ्याची तपासणी ही शाळेची परीक्षा असल्यासारखा मी बोललो. आणि तू ऐकलंस. तू माझं एरवी कधी ऐकायची नाहीस, नेमकं हेच कशाला ऐकलंस?

बाजारचा दिवस होता, दुकानात गर्दी. शेठनं विचारलं, "वाचता येतं का, मावशी?" तू माझ्याकडं बघितलंस. मी मान हलवली. "येतं," तू म्हणालीस. शेठची काडी 'प' वर होती तेव्हा तू 'र' ला पोचली होतीस. शेठ हसले. "वा मावशी, लांबची नजर एक नंबर." जवळचं बघायला, तांदूळ निवडायला, सुईत दोरा ओवायला एक चष्मा दिला आणि सोडलं.

बाहेर येऊन मी तुला भेळ खाऊ घातली. पास झाल्याची.

तीन वर्षं तू त्या पास झाल्याची शिक्षा भोगलीस. तू म्हणायचीस, लांबचं धुरकट दिसतंय. मी म्हणायचो, चष्मा दिलाय ना, मग आता काय? उंबऱ्याला ठेच लागली की मी म्हणायचो, लक्ष कुठं असतं तुझं? दुसऱ्याच्या म्हशीला आपली समजून तू ओढत आणलीस तेव्हा आळीभर हसायचं निमित्त झालं आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

मग श्रावणातल्या सोमवारी भीमाशंकरला गेलो. मंचरहून एसटी, घोडेगाव सोडलं तसा पाऊस, वर गेलो तर धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. देवळाकडं जायला पायऱ्या उतरायच्या. तू एकेक पाय चाचपत टाकत होतीस. मागून लोक ओरडत होते, "मावशी, चला की." मला लाज वाटली. मी म्हणालो, "काय नव्या नवरीसारखी चालतीस?"

"दिसत नाय वो."

"कुणालाच दिसत नाय. धुकं हाय."

निम्म्या पायऱ्यांवर वारं सुटलं. सगळं मोकळं झालं. देवळाचं शिखर, झाडं, खालची दुकानं, पेढ्यांचे ढीगसुद्धा दिसायला लागले. मी म्हणालो, "बरं झालं, गेलं धुकं."

तू कठड्याला धरून उभी होतीस. म्हणालीस, "गेलं? कवा?"

मी तुझ्याकडं बघितलं. तू डोळे बारीक करून माझ्या आवाजाकडं बघत होतीस. माझ्याकडं नाही, आवाजाकडं. मग म्हणालीस, "घरीबी मला असंच दिसतं की. मला वाटलं, समद्यांलाच दिसत आसंल या वयात."

देवासमोर मी काय मागितलं ते तू परत येताना विचारत होतीस. काही मागितलं नाही. मागायला तोंड कुठं होतं?

दोन दिवसांनी पुन्हा तीच खुर्ची. शेठनं डोळ्यात टॉर्च टाकली, काचा बदलून बघितल्या आणि म्हणाले, "मावशी, तुमचा लांबचा नंबर चांगलाच मोठा आहे. मागं तर सगळा फळा वाचला होता तुम्ही." मग त्यांच्या ध्यानात आलं. फळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे कोणतं अक्षर?" तू माझ्याकडं बघितलंस. शेठनं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही पास झालात मावशी, म्हणून तीन वर्षं धुक्यात राहिलात. कुणी शिकवलं हे?"

मी पडद्याला धरून उभा होतो. बाकडं गच्च भरलेलं होतं. त्यात आपल्या गावचे दोघं.

तू म्हणालीस, "कोन शिकवनार? भाईर बसून ऐकून ऐकून पाठ झालं. माजीच हौस."

मी बोललो नाही. पडदा हातात तसाच धरून राहिलो. त्या वेळी बोललो नाही, गाडीत बोललो नाही, घरी बोललो नाही. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. माझ्यावर रागावली असतीस तर मी सुटलो असतो. तू मला सुटू दिलं नाहीस, हे तुझं मोठेपण म्हणायचं की डाव, ते मला अजून कळलं नाही.

शेठनं फळा उलटा केला. तू खूण बघितलीस आणि खुशाल मोठ्यानं म्हणालीस, "आगं बया, ह्ये तर दाताळं."

"काय?"

"दाताळं. शेतातला काडीकचरा वढायचं. तुमच्याकडं नसतंय का, शेठ?"

बाकडं हसलं, शेठ हसले, तू सगळ्यांत जास्त हसलीस. ज्या हसण्याला मी भ्यालो होतो ते तू असं फुकटात घेऊन टाकलंस. त्या दिवसापासून शेठच म्हणायला लागले, दाताळं कुणीकडं?

नवा चष्मा लावून तू दुकानाच्या पायरीवर आलीस आणि शिवनेरीकडं बघत उभी राहिलीस. "त्या डोंगराला भोकं हायती व्हय?" सगळा जन्म जुन्नरच्या बाजाराला आलीस आणि डोंगरातली लेणी तुला पन्नाशीत दिसली. मग वळून माझ्याकडं बघितलंस. बराच वेळ. म्हणालीस, "तुमी म्हातारं झालात की. कवा?"

त्यानंतर तुझं राज्य सुरू झालं. चष्मा पदरानं पुसायचा नाही, शेठनं सांगितलंय, साबणाच्या पाण्यानं धुवायचा आणि मऊ धोतराच्या फडक्यानं टिपायचा. डोळे आले की कुणी मध घालायचं, कुणी कांद्याचा रस पिळायचं, तू आळीत फिरून भांडायचीस, "डोळा हाय का भजं, रस पिळायला?" बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तू एक दाताळं केलंस. आंब्यापाशी बाया उभ्या करायच्या, ओट्यावरून पुठ्ठा फिरवायचा, "दाताळं कुणीकडं?" चुकली की दुसऱ्या बाजाराला तिला घेऊन शेठकडं. शेठ म्हणायचे, "मावशी, दुकानावर तुमचंच नाव टाकतो." तू म्हणायचीस, "टाका. मला कुटं वाचता येतंय?"

माझ्यासमोर पुठ्ठा धरलास की मी बैलाचं दावं सोडायला निघून जायचो.

कारण मला दिसत नव्हतं. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग उजवीकडं सगळं दुधाळ. तुला ते माझ्या आधी कळलं. शेठच्या दुकानावर एव्हाना कॉम्प्युटरवर नजर तपासणीची पाटी लागली होती. माझ्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवायला गेलो की शेठ म्हणायचे, "बाबा, बसा, बघू." मी उभ्या उभ्याच म्हणून टाकायचो, "ट ग प न ल र म. झालं?" आणि बाहेर. शेठ एकदा टॉर्च घेऊन मागं आले, माझ्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून घ्या." मी म्हणालो, "मला सगळं वाचता येतं."

मग पाहुण्यांकडच्या त्या लग्नाची पत्रिका आली. मी ओट्यावर बसून वाचली आणि सगळ्या आळीला तारीख सांगितली. एक. पत्रिकेवर होती नऊ. आठ दिवस आधी आपण बारा माणसं टेम्पो करून गेलो, तर ना मांडव ना वाजंत्री. नवरीचा बाप शिडीवर चढून भिंतीला चुना देत होता. शिडीवरूनच म्हणाला, "पावणं, लई घाई झाली का जेवायची?"

तसाच टेम्पो माघारी वळवला. तू बोललीस, पण घरी. "तुमाला वाचाय येतं. दिसत नाय. एकदा दाताळ्याफुडं बसा."

"अंगठेबहाद्दराच्या फळ्यापुढं मी बसनार नाय."

"मी बसले की."

"तू अडाणी हायस."

हे मी बोललो. तुला बोललो. तू भाकरी थापत होतीस, हात थांबला नाही. म्हणालीस, "व्हय. म्हनून मला दिसतं."

त्यानंतर चार वर्षं तेच भांडण. सणाला, पेरणीला, राजूच्या पोरीच्या बारशाला. तू अंथरुणाला खिळलीस तरी तेच. पडवीत खाट टाकली होती. दुपारची वेळ. मी तुला औषध दिलं, बाटली चुकली, तू हातातच ओळखलीस आणि बाजूला ठेवलीस. ओरडली नाहीस. म्हणालीस, "मी आसंपत्तोर मी बगितलं. आता तुमचं तुमी बगा."

दोन दिवसांनी गेलीस.

तुमचं तुम्ही बघा. हे काय बोलणं झालं? बघू कशानं? एक डोळा दुधाळ, दुसरा त्याच वाटेवर, आणि घरातली एक धड नजर सरणावर. माझ्या हातून ती बाटली घेऊन ठेवणारं कुणी नाही आता. मला तुझा लई राग आला. अजून आहे.

काल त्याच रागात एसटीनं जुन्नरला गेलो. तू जिंकलीस म्हणून नव्हे, ते डोक्यातून काढून टाक. मला माझं बोलायचं होतं.

बाकडं भरलेलं. शेठ थकलेत, पण पडदा तोच. तुझी बातमी त्यांना कळली होती. काही बोलायला लागले तसा मी म्हणालो, "आधी डोळं बघ." मशीनवर हनुवटी टेकवली. मशीन दोनदा कुरकुरलं, त्याला उजव्या डोळ्यातलं काही कळेना. शेठनं मला खुर्चीत बसवलं, फळ्यावर दिवा लावला आणि काडी उचलली.

"वाचा, बाबा."

सगळी ओळ तोंडात आली. ट ग प न ल र म. तुझ्या आवाजात आली, ओवीसारखी. मी दात आवळून धरले.

"फळा उलटा कर, शेठ."

"तुम्हाला तर वाचता येतं."

"येतं. पाठ हाय. म्हणूनच उलटा कर." मग मी उठलो आणि पडदा बाजूला सारला. बाकड्यावरची माणसं बघायला लागली. बघू दे. "आन् ऐक. तुमीबी ऐका. हिला ह्यो फळा मी पाठ करून दिला व्हता. आठ दिवस बसून. ती म्हणाली भाईर बसून ऐकला, ते खोटं. माझी लाज राखाय बोलली. तीन वर्षं ती माझ्या ऐटीपायी धुक्यात चालली."

कुणी खोकलं. शेठनं काडी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला. पदराचं कापड असतं तसल्या कापडानं पुसला. तू असतीस तर बोलली असतीस.

मग फळा उलटा केला.

"दाताळं कुणीकडं?"

पहिलं उजवीकडं. दाखवलं. दुसरं वर. दाखवलं. तिसऱ्या ओळीला बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. समोर नुसतं दूध. एका हातात तुझी तार होती, खिशात, ती बोटाला टोचत होती. बाकड्यावर कुणीतरी हळूच हसलं. मी वळून बघितलंही नाही.

"अंदाजानं सांगा, बाबा," शेठ म्हणाले.

"अंदाज नाय. दिसत नाय." पुन्हा म्हणालो, बाहेरच्या बाकड्याच्या टोकापर्यंत जाईल असं. "मला दिसत नाय."

शेठनं ऑपरेशनची चिठ्ठी लिहून दिली. राजूला फोन लावून दिला. पुढच्या आठवड्यात तो न्यायला येतोय. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. शेठकडून वाचून घेतली, बाकड्यासमोर उभं राहून.

बाहेर येऊन भेळ घेतली. नापास झाल्याची. लई चांगली लागली, सांगून ठेवतो.